हार्लेमचा ब्लॅक कॉमिक बुक फेस्टिव्हल: जाणार असाल तर

न्यूयॉर्कच्या मोठ्या कॉमिक कॉनला जाऊन आला असाल, तर तो हिशेब कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांच्या या कॉमिक्स मेळ्याला लावू नका. इथे हॉलिवूडचे तारे नाहीत, सहीसोबत फोटोचे दर नाहीत आणि तिकीटही नाही. हार्लेममधल्या शोम्बर्ग सेंटर या सार्वजनिक ग्रंथालयात टेबलं मांडलेली असतात. टेबलामागे बसलेल्या माणसानेच ते कॉमिक लिहिलेलं, काढलेलं आणि बरेचदा पदरमोड करून छापलेलं असतं. साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा मामला लगेच ओळखीचा वाटेल.

२०१३ साली डिअर्ड्रे हॉलमन, जॉन जेनिंग्ज, जेरी क्राफ्ट आणि जोनाथन गेल्स यांनी हा मेळा सुरू केला. यांतल्या क्राफ्ट यांना २०२० साली न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेतल्या बालसाहित्याचा हा सगळ्यात मानाचा पुरस्कार ग्राफिक नॉव्हेलला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

तारखेचं मात्र नीट बघा. वर्षानुवर्षं हा मेळा जानेवारीत, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या आसपास भरायचा. २०२५ साली शोम्बर्ग सेंटरची शताब्दी होती, म्हणून तो साहित्य महोत्सवाला जोडून जूनमध्ये घेतला. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तारीख पक्की करा आणि तिथेच नावही नोंदवून टाका.

आम्ही गेलो तेव्हा जानेवारीच होता आणि थंडी अंगाला झोंबत होती. सोबत भाची होती, पांढरा विग आणि काळा झगा घालून 'एक्स-मेन' कॉमिक्समधली कृष्णवर्णीय नायिका स्टॉर्म झालेली. वरून माझा जुना कोट. न्यूजर्सीतल्या एडिसन-मेट्रोपार्ककडच्या मंडळींना प्रवास सोपा आहे: न्यूजर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून सबवेची २ किंवा ३ नंबरची गाडी आणि १३५व्या रस्त्याला उतरायचं. वर आलात की ग्रंथालय समोरच. सबवेसाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, फोन किंवा बँकेचं कार्ड दारावर टेकवलं की झालं. सबवेचं भाडं साधारण ३ डॉलर.

एकच चकवा आहे. १, २ आणि ३ या गाड्यांचा रंग एकच, लाल. पण ९६व्या रस्त्यानंतर त्यांच्या वाटा फुटतात. १ मध्ये बसून राहिलात तर हार्लेमऐवजी टेकडीवर, ११६व्या रस्त्यावर कोलंबिया विद्यापीठाच्या दारात उतराल. हाताशी वेळ असेल तर ही चूक मुद्दाम करण्यासारखी आहे म्हणा. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकले, आणि तिथल्या लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. (बाहेरच्यांना आवारात सोडतात का, ते आधी विचारून ठेवा.) तिथून मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतरलं की हार्लेम सुरू होतं. पुढे शोम्बर्गपर्यंत अर्धा-पाऊण तासाची चाल आहे.

दारात पिशव्या तपासतात, तेव्हा सामान कमी न्या. आत शिरल्यावर टेबलांकडे धावण्याआधी लँग्स्टन ह्यूज सभागृहाबाहेरची फरशी बघा. तिच्यावर नद्यांच्या रेषांचं मोठं वर्तुळ कोरलेलं आहे आणि त्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. १९९१ साली त्या इथे ठेवल्या. आमच्या समोरच ड्रॅगनचे पंख लावलेला एक मुलगा तिथे येऊन थबकला, पंख आवरून घेतले आणि वर्तुळाला वळसा घालून गेला.

आर्तुरो शोम्बर्ग हा पोर्तो रिकोत जन्मलेला माणूस. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असं शाळेतल्या शिक्षिकेने त्याला सांगितलं होतं म्हणतात. मग त्याने आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १० हजार डॉलरच्या देणगीतून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने हा संग्रह विकत घेतला. कॉमिक्सचा मेळा या इमारतीत का शोभतो, ते टेबलांवर कळतं.

१९४७ साली फिलाडेल्फियातले पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी 'ऑल-नीग्रो कॉमिक्स' काढलं. लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय, किंमत १५ सेंट. दुसरा अंक तयार होता, पण कागदच मिळेना. नेहमीचे विक्रेते द्यायला तयार होईनात. तो पहिला अंकच शेवटचा ठरला. ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीय सुपरहिरो १९६६ साली आला खरा, पण तो स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्या माणसांनी घडवलेला. १९९३ साली माइलस्टोन मीडिया निघाली तेव्हा कुठे ब्लॅक मालकीच्या कंपनीचे नायक देशभरच्या दुकानांत पोचले. त्यामुळे इथल्या टेबलावर 'हे कुणी छापलं?' असं विचारलंत तर लोक खुलून बोलतात. मला तरी सगळ्यात चांगल्या गप्पा या एका प्रश्नावरच मिळाल्या.

एका टेबलावर बराच वेळ रेंगाळलो. केसांचे दोन गोल गुच्छ बांधलेली सहा-सात वर्षांची मुलगी चित्रकारासमोर उभी होती, 'माझे केस काढ' म्हणत. त्याने केसाची एकही रेघ ओढली नाही. ब्रश पेनने दोन काळेभोर गोळे भरले, कडेला टोकाने बारीक टिंबं दिली आणि मधे कागदाचे पांढरे कवडसे सोडले. गुच्छ उभे राहिले! मुलगी कागदाकडे बघत स्वतःच्या डोक्याला हात लावून खात्री करत होती. मागे रांग वाढत होती, पण कुणालाच घाई नव्हती.

म्हणून माझा सल्ला: पहिला तास टेबलांना द्या, कारण दुपारनंतर हलायला जागा राहत नाही. परिसंवादांनाही गर्दी होते. हवा असेल तो हेरून थोडं आधी जाऊन बसा. बहुतेक सुटे अंक ५ ते १० डॉलरला, जाड पुस्तकं २० च्या पुढेमागे. बरेच जण फोनवरून पैसे घेतात, पण ती अ‍ॅप अमेरिकेतल्या बँक खात्याशिवाय चालत नाहीत. भारतातून येणाऱ्यांनी ५ आणि १० च्या नोटा सोबत ठेवाव्यात. घासाघीस करू नका, समोरचा स्वतःच्याच खिशातून छापतोय.

कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, जरूर करा, कुणी हटकत नाही. भाचीचे तर इतके फोटो काढले गेले की ती दिवसभर हवेतच होती. फक्त कृष्णवर्णीय पात्र व्हायचं म्हणून चेहरा काळा रंगवायचा नाही, अगदी गंमत म्हणूनही नाही. अमेरिकेतल्या रंगमंचावर गोरे नट तोंडाला काळं फासून वर्षानुवर्षं टवाळी करत होते, ती जखम अजून ओली आहे. पोशाख आणि विग पुरेसे आहेत. फोटो विचारून काढा, आणि कुणाच्या केसांना हात लावायचा नाही, कितीही सुंदर असले तरी.

जेवायला ग्रंथालयासमोरच्या लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूने दक्षिणेकडे, १२६व्या-१२७व्या रस्त्यांच्या मधे १९६२ पासूनचं सिल्व्हियाज हे हॉटेल आहे. शाकाहारींनी जपून: कॉलर्ड ग्रीन्स ही दिसायला पालेभाजी, पण ती मांस घालून शिजवायची रीत आहे. विचारल्याशिवाय घेऊ नका. मॅक अँड चीज आणि मक्याच्या ब्रेडवर पोट भरतं. वेगळं काही हवं असेल तर ११६व्या रस्त्यावर सेनेगली खानावळी आहेत, तिथला मासे-भात आपल्या कोकणी जिभेला चालून जातो.

रात्रभर नाचगाणी, गेमिंग आणि अ‍ॅनिमे हवं असेल, तर हा मेळा तुमचा नाही. त्यासाठी ब्लर्डकॉन, म्हणजे 'ब्लॅक नर्ड' मंडळींचं संमेलन. २०१७ साली वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये, क्रिस्टल सिटीतल्या हॉटेलात ते सुरू झालं. तिथे तिकीट लागतं. ठिकाण-तारीख त्या त्या वर्षी तपासून घ्या आणि खोली जितक्या लवकर होईल तितकी आरक्षित करा.

आणि हो, शनिवार-रविवारी न्यूजर्सीच्या गाड्या कमी असतात, सबवेचीही दुरुस्ती चालू असते. निघण्याआधी दोन्ही वेळापत्रकं बघा, नाहीतर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन पेन स्टेशनवर तासभर बसावं लागतं.