महाबळेश्वरचा पाऊस आणि मे महिन्यातले पाणी

महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा वाटा जुलै-ऑगस्ट या दोनच महिन्यांत कोसळतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम जिथे मानला जातो, त्या पठारावर एप्रिल-मेमध्ये पाणी जपून वापरावे लागते, हे पर्यटकांना सहसा खरे वाटत नाही. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते ठाऊक असते. पण आपणही दोष लांबलेल्या पावसाला देऊन मोकळे होतो. माझ्या मते इथे पाऊस कधीच कमी पडलेला नाही. साठवण आणि हिशेब कमी पडले आहेत.

या पठाराच्या माथ्यावर जांभ्या खडकाचा थर आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकट मातीच्या आणि काळ्या पाषाणाच्या थरापाशी अडते आणि कड्यांच्या बाजूंना झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे जमिनीत मुरलेले पाणीही पठारावर फार काळ थांबत नाही, ते सावकाश खाली उतरत राहते. झाडी आणि पालापाचोळा जिथे शाबूत आहेत तिथे मुरणे जास्त आणि उतरणे संथ. जिथे उतार मोकळे करून बांधकाम झाले तिथे पाणी त्याच दिवशी ओढ्याला लागते. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्या निर्बंधांकडे अनेकजण केवळ बांधकामावरची अडवणूक म्हणून पाहतात, पण मला ती पाणीपुरवठा योजनेचीच पहिली पायरी वाटते.

दोन्ही गावांचा मुख्य आधार म्हणजे वेण्णा तलाव. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी तो १८४२ साली बांधवून घेतला. जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तिथली तहानही याच तलावावर येऊन पडते. जुलैत तलाव सांडव्यावरून वाहू लागतो, त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतात आणि जणू वर्षभराची चिंता मिटते. पण भरलेल्या तलावावरून वाहून गेलेले पाणी या दोन गावांच्या उपयोगाचे नसते. ते लिंगमळ्याच्या धबधब्यावरून कण्हेर धरणाकडे निघून जाते. मे महिन्यात काठाला उभे राहिले की भेगाळलेला गाळ आणि त्यात उमटलेले घोड्यांचे खूर दिसतात. तो गाळ जितका वाढेल तितकी पुढच्या उन्हाळ्याची साठवण घटते, आणि जुलैच्या छायाचित्रात ही घट दिसत नाही.

आता हिशेबाकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर गावाची लोकसंख्या सुमारे १३ हजार होती. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, तर निवासी हॉटेलसाठी प्रत्येक खाटेमागे १८० लिटर. म्हणजे पाहुण्याचा वाटा रहिवाशापेक्षा मोठा आहे, आणि पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी नेमकी तलाव खाली गेलेला असतो त्या आठवड्यांत होते. म्हणून इथली योजना जनगणनेच्या आकड्यावर किंवा वार्षिक सरासरीवर बेतून चालणार नाही. मे महिन्यातल्या सर्वांत गर्दीच्या रविवारी किती खाटा भरलेल्या असतात, ही संख्या तिच्या मुळाशी हवी.

छतावरच्या पाण्याचे गणित तर याहून सोपे आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटरच्या छतावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस, जो इथे जुलैत नवलाचा नाही, पडला तर वीस हजार लिटर होतात. चार माणसांच्या घराला मार्च ते मे या ९२ दिवसांत १३५ लिटरच्या हिशेबाने जवळपास पन्नास हजार लिटर लागतात. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकीत ते मावतात, आणि अशी टाकी जोराच्या पावसाच्या तीन-चार दिवसांत भरते. खर्च छतासाठी नाही, टाकीसाठी आहे. म्हणून सवलत द्यायची असेल तर ती पन्हळी-पाइपांपेक्षा टाकीच्या घनमीटरवर द्यावी. झाकलेली, अंधारी, पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून देण्याची सोय असलेली टाकी असेल तर ते पाणी उन्हाळ्यापर्यंत नीट टिकते.

हॉटेलांबाबत एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते. गच्चीवरच्या सौर बंबापासून लांबच्या खोलीपर्यंत पाइपात थंड पाणी साचलेले असते, आणि गरम पाणी येईपर्यंत पाहुणा नळ तसाच सोडून ठेवतो. सकाळी सगळ्या खोल्यांत हेच घडते. पाइपावर उष्णतारोधक आवरण आणि पाणी बंबाकडे परत फिरवणारा छोटा पंप बसवला की ही नासाडी थांबते. बागेला सांडपाणी शुद्ध करून घालणे तर सक्तीचेच हवे.

तलावातला गाळ एप्रिल-मेमध्येच काढता येतो, म्हणजे गर्दीच्या ऐन दिवसांत. त्यामुळे ते काम दरवर्षी पुढे ढकलले जाऊ नये यासाठी त्याची तारीख, वाहतुकीचा मार्ग आणि गाळ टाकायची जागा जानेवारीतच ठरायला हवी. त्याच महिन्यापासून तलावाची पातळी आणि शिल्लक दिवस दर सोमवारी बाजारपेठेतल्या फलकावर लिहिले जावेत, आणि पातळी ठरावीक रेषेखाली गेली की हॉटेलांच्या पाण्यात किती कपात होईल, हे हंगामाच्या खोल्या विकल्या जाण्याआधीच जाहीर व्हावे.