शुक्रवार, हिरवा

रात्रीचे साडेअकरा. दिवसभर खुर्चीत बसून होते, तरी पाय सुजलेत. चहा ठेवलाय. हे लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

नवरात्रात आमच्या न्यूजरूममध्ये वार कुणी विचारत नाही, रंग विचारतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा असं काहीतरी. हे कुठल्या पोथीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने काढलेली टूम. लोकलच्या लेडीज डब्याने ती उचलली, मग बँकांनी, शाळांनी, आणि आता माझी भाची मला ऐकवते की मावशी, ही आपली परंपरा आहे. मला त्या रंगांचा राग नाही. अख्खा डबा पिवळाधमक होऊन कुर्ल्याला उतरतो तेव्हा मलाही बरं वाटतं. पण डब्यात एखादी त्या रंगात नसली तर काही बिघडत नाही, चौथी सीट तिलाही मिळते. आमच्याकडे तिला फोन जातो. तो फोन गेली दोन वर्षं मीच करते.

आज हिरव्याने घोळ घातला. आमच्याकडे दोन स्टुडिओ. एकात मागे मोठी एलईडी भिंत, तिथे काहीही नेसा. दुसऱ्यात क्रोमा, म्हणजे हिरवागार कपडा. कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं असतं की जिथे जिथे हा हिरवा दिसेल तिथे नकाशा टाक, नाहीतर मंत्रालय टाक. कॉम्प्युटरला भिंत कुठली आणि बाई कुठली हे कळत नाही. मी अँकरिंग करायचे तेव्हाची गोष्ट. एक मैत्रीण लग्नाची रजा संपवून थेट हवामान सांगायला उभी राहिली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिने कोकणाकडे हात केला आणि मनगटाच्या जागी अरबी समुद्र दिसायला लागला. पंजा वेगळा, दंड वेगळा, मध्ये पाणी. चुडा उतरवायचा नाही म्हणून सासूबाईंनी बजावलेलं. शेवटी ती उरलेलं सगळं हवामान हात पाठीमागे धरून बोलली, शाळेत कविता म्हणतात तशी.

तर आज दुपारचं बुलेटिन क्रोमात, आणि ते आमच्या नव्या मुलीकडे. परभणीची आहे. दोन वर्षं रिपोर्टिंग केलं, गुडघाभर चिखलात उभं राहून, कॉलेजच्या जुन्या कुडत्यावर रेनकोट चढवून, केस कपाळाला चिकटलेले. तेव्हा तिच्या दिसण्याबद्दल एकही फोन आला नव्हता. आता टेबलामागे बसून पाचवा दिवस, आणि वरून रोज एक निरोप येतो. सोमवारी केस. मंगळवारी कानातलं "जरा मोठं". काल "हसताना हिरड्या दिसतात". निरोप वरून येतो, पोचवते मी.

आज ती आईचं इरकल घेऊन आली होती, हिरवंगार, लाल पदराचं. पिशवीतून काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मी म्हटलं, "अगं, क्रोमा आहे." तिच्या लक्षात आलं आणि काही न बोलता तिने ते घडीवर घडी घालून परत ठेवलं. मग कपाटातली वांगी रंगाची खणाची साडी. ब्लाऊज दोन इंच सैल, म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायचे तीन चिमटे. माइकची बॅटरी परकराच्या नाडीत खोचलेली. समोरून बघावं तर काय रुबाब! मागून दोरीवर वाळत टाकल्यासारखी. आम्ही सगळ्याच अशा बसतो. पाठ वळवायची नसते, एवढंच.

मेकअपदादाने बेस काढला तेव्हा मी तिथेच उभी होते. तिचा रंग सावळा, छान तजेलदार. दादाने तिच्यापेक्षा दोन घरं उजळ डबी उघडली. मी पाहतेय म्हटल्यावर स्वतःच बोलला, "ताई, लाइटमध्ये काळी येते, मग मलाच बोलतात." दादा आधी मालिकांवर होता. मी त्याला सहज म्हटलं की २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली, गोष्टच सगळी सावळ्या मुलीची, आणि रेश्मा शिंदेला रंग लावून सावळी केलेली. दादा स्पंज फिरवत म्हणाला, "तिथं गोरीला सावळी करायची, इथं सावळीला गोरी. डबे तेच, ताई." त्याच्या पेटीत सगळ्यात गडद डबी अजून कोरी आहे. वरचा कागदसुद्धा फाडलेला नाही.

त्याच वेळी शेजारच्या खुर्चीत आमचे रात्रीचे अँकर. नेव्ही ब्लू ब्लेझर, खिशात हिरवा रुमाल. झाली त्यांची नवरात्र. ब्लेझरच्या खाली बर्म्युडा आणि फ्लोटर्स. हे नेहमीचंच, कुणी बघतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या कार्ल स्टेफानोविक नावाच्या अँकरने २०१४ मध्ये जाहीर केलं होतं की मी वर्षभर रोज सकाळी तोच एक निळा सूट घालून बसतोय आणि एकाही प्रेक्षकाला पत्ता लागलेला नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या कपड्यांवर मात्र पत्रं यायची, तेच त्याला दाखवून द्यायचं होतं. ही बातमी आली तेव्हा मी उत्साहाने मीटिंगमध्ये सांगितली. सगळे हसले. माझे साहेब तर सगळ्यात जास्त. पुढच्याच आठवड्यात मला निरोप आला की हीच साडी पंधरा दिवसांपूर्वी नेसली होतीस, प्रेक्षकांचा मेल आलाय.

फ्रेमच्या खालचं राज्य मात्र पूर्वी बायकांकडेही होतं. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, हा किस्सा आमच्या धंद्यात प्रत्येक नव्या मुलीला सांगितला जातो. मीही सांगते. वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, स्मिता पाटील, भक्ती बर्वे अशी माणसं तिथे बातम्या द्यायची. आई सांगते, साडी निळी की हिरवी ते कळायचंच नाही, काठ तेवढे दिसायचे. १९८२ मध्ये आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला. माझा जन्मही त्याच सालचा. मग बायका बातम्या ऐकता ऐकता रंग बघायला लागल्या. दिल्लीच्या सलमा सुलतान केसांत गुलाब माळून यायच्या, तो गुलाब आईला अजून आठवतो. बातमी कुठली विचारलं तर इंदिरा गांधी गेल्या ती. तीही सलमा सुलताननीच दिली होती. म्हणजे दोन्ही आठवतं. मला हे थोडं दिलासा देणारं वाटतं, का ते सांगता येणार नाही.

स्मिता पाटलांचा किस्सा सांगताना मी नेहमी हसते. आज मात्र वाटलं, आपण हा बंडखोरीचा किस्सा म्हणून सांगतो, पण वर साडी होतीच की.

बरं, मुद्द्यावर येते.

साडी वांगी झाली, म्हणजे हिरवा गेला. साहेबांचा फोन: मग नवरात्र आहे हे प्रेक्षकांना कळणार कसं? हार मागितला, तो मीच नको म्हटलं. नथ मागितली. मी म्हटलं अतिवृष्टीचं बुलेटिन आहे, नथ काय. ते म्हणाले, बरं मग निदान कपाळ मोकळं नको.

मुलगी टिकली लावत नाही. पहिल्या दिवसापासून नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात संभाजी भिडे मंत्रालयात मुख्यमंत्र्यांना भेटून बाहेर पडले आणि एका वाहिनीच्या रिपोर्टर मुलीने त्यांना प्रश्न विचारला. तिच्या कपाळावर टिकली नव्हती म्हणून ते तिच्याशी बोललेच नाहीत. आधी कुंकू लाव, मग बोलतो, अशा अर्थाचं सांगून निघाले. भारतमाता विधवा नाही, असंही काहीतरी त्यात होतं. ते फुटेज आलं तेव्हा मी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये होते, आणि माझा नुसता संताप झाला. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. आम्ही दिवसभर चर्चा चालवली, चार चौकटी, चार पाहुणे. तिसऱ्या चौकटीतल्या काकांना मीच हळू आवाजात फोनवर म्हटलं होतं, सर, बाईने काय लावायचं ते बाई ठरवेल, यावर बोला. त्या दिवशी आम्हा पाचजणींपैकी कुणीच टिकली लावली नव्हती. ठरवून नाही. नंतर एकमेकींकडे पाहिल्यावर लक्षात आलं.

आणि आज मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं.

ती म्हणाली, "लावायलाच लागते का ताई?" तिने ते चिडून विचारलं नव्हतं. खरंच माहिती विचारावी तसं विचारलं, म्हणजे मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मी म्हटलं, "नवरात्र आहे गं." साहेबांचं नाव घेतलं नाही, नियम म्हटलं नाही. नियम नाहीच आहे, कुठे लिहिलेला नाही. २०१६ मध्ये इजिप्तच्या सरकारी टीव्हीने आठ निवेदिकांना सांगून टाकलं की महिनाभर घरी बसा, वजन कमी करा, मग या. जगभर बोभाटा झाला. आमच्याकडे असला गाढवपणा कुणी करत नाही. मी बाळंतपणानंतर परत आले तेव्हा मला कुणी चकार शब्द बोललं नाही. नऊचं बुलेटिन होतं, ते एकचं झालं, "बाळ लहान आहे, तुलाच सोयीचं". मग पहाटेचं. मग एक दिवस सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी प्रोड्यूसर झाले. बढतीच होती ती, पगारही वाढला. तक्रार कशाची करू? वजन तेव्हा एकाहत्तर होतं.

तिने टिकली लावली. घाईत, पावडर झाल्यावर. पावडरीवर टिकली धरत नाही, आधी लावून मग हलक्या हाताने पावडर टेकवायची असते, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. पण वेळ झाली होती.

दुसऱ्या सेगमेंटमध्ये अतिवृष्टी. सोयाबीन आडवं पडलेलं, पंचनामे कुठवर आले, कुठल्या गावांचा संपर्क तुटलाय. ती छान वाचत होती. घसा न ताणता, आपल्या ओळखीच्या माणसाला सांगावं तसं. आणि मला दिसलं की टिकलीची वरची कड सुटलीय. मग मी दुसरं काही पाहिलंच नाही. पीसीआरमध्ये सातजण, सगळे पडद्याला डोळे लावून. टिकली सरकली, भुवईवर आली, पडली. कागदावर पडली असावी. "टिकली! टिकली!" असं दोघं एकदम ओरडले. डायरेक्टर म्हणाला, व्हिज्युअल मारा. पडद्यावर पाण्यातली शेतं आली आणि मी टॉकबॅकचं बटण दाबून तिच्या कानात म्हटलं, "टिकली पडली, आपण व्हिज्युअलवर आहोत, लावून घे."

ती वाचत राहिली. एक शब्द अडखळला नाही. वीस सेकंदांनी कॅमेरा परत तिच्यावर आला तेव्हा कपाळ मोकळं होतं, आणि मधोमध गोंदाचा एक वाटोळा ठिपका लाइटमध्ये चमकत होता. टिकलीपेक्षा तोच जास्त दिसत होता.

बुलेटिन संपल्यावर मेकअपरूममध्ये ती चिमटे काढत होती. त्या आरशाच्या लाकडी चौकटीवर वर्षानुवर्षांच्या टिकल्या चिकटवलेल्या आहेत, मेकअप उतरवताना प्रत्येकजण तिथे लावते आणि विसरते. मरून, काळ्या, एक खड्याची चंद्रकोर. त्यांतल्या डझनभर तरी माझ्या असतील. मी आत जाऊन म्हटलं, सॉरी, मी कानात बोलायला नको होतं. ती म्हणाली, "असू द्या ताई." मग थोडं थांबून, "संपर्क तुटलेल्या गावांत माझ्या मामाचं गाव होतं. वाचायला लागले तेव्हाच कळलं. मामाला फोन लावतेय, लागत नाही."

मला गावांची नावं ऐकू आलीच नव्हती. सात जणांपैकी कुणालाच नाही. मी जागेवर येऊन रनडाउन, म्हणजे बुलेटिनचा क्रम, उघडला आणि चौदा नावं वरून खाली वाचली. तिचं गाव कुठलं ते मला माहीत आहे, मामाचं कुठलं ते नव्हतं. विचारायला परत गेले तर ती गेली होती. इरकलाची पिशवी खुर्चीवरच.

चहा गार झाला.

आत्ता साहेबांचा ग्रुपवर मेसेज आला: उद्याचे लुक पाठवा. मी टाइप केलं, "उद्या राखाडी. मुलींनी कृपया टिकली". तिथे थांबले. खोडलं. "उद्या राखाडी." एवढंच पाठवलं.

दोन मिनिटांत तिचा वेगळा मेसेज. "ताई, मामाचा फोन लागला. माणसं शाळेत नेलीत, सगळे ठीक. गाय गेली." आणि त्याखाली, "राखाडी नाही माझ्याकडे."

माझ्याकडे आहे. नऊच्या बुलेटिनची. दोन वर्षं कपाटाबाहेर काढलेली नाही. ब्लाऊज तिला सैल होईल, चिमटे लागतील. इस्त्री करून ठेवते.