शेजाऱ्याच्या खरेदीखतात सापडलेला बंगला

अंबाजोगाईत आमच्या घरामागे जो माळ आहे त्याला सगळे बंगल्याचा माळ म्हणतात. बंगला मात्र तिथं नाही. एक चिरेबंदी बावडी आहे, बाकी गाजरगवत. वडिलांनीही बंगला पाहिलेला नव्हता. आजीला विचारलं, "तू पाहिला होतास का गं?" ती म्हणाली, "न्हाई रे बाबा. मी नांदायला आले तवा बंगला कुठला?" मग कळलं की माळावर प्लॉटिंग होणार आहे. बावडी बुजायच्या आत या घराचं काहीतरी कागदावर सापडलं पाहिजे, असं फार वाटू लागलं.

निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तो खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. नळदुर्ग नि रायचूर १८६० मध्ये परत आले, वऱ्हाड आलं नाही. म्हणजे आमच्या माळावरच्या बंगल्यात राहणाऱ्या इंग्रज साहेबाचा पगार वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून निघायचा. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून पलटणी हिंदी सैन्यात गेल्या. 'डेक्कन हॉर्स' हे नाव त्याच घोडदळाला मिळालं. साहेब गेले ते तेव्हाच.

मी सुरुवात चुकीच्या टोकानं केली. साहेबाचं नाव शोधत बसलो आणि त्यात चार महिने गेले. मग सातबारा काढला, त्यावरून जुने फेरफार, आणि तिथून १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार नोंदींचा कागद. त्यात आमच्या माळासमोर फक्त "पड, विहीर पक्की १" एवढंच. बंगल्याचा शब्द नाही. त्याच्या मागचं सगळं दप्तर उर्दूत. नकलेचा अर्ज केला, तिकीट लावलं, तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला सांगितलं, रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभर निजामकालीन दप्तरं उघडली गेली, तेव्हा आशा वाटली होती. पण त्या शोधात माणसांच्या नोंदी बघत होते, घरांच्या नाही.

वाट दाखवली एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी. ते म्हणाले, "घराचा कागद साहेबाबरोबर गेला असेल. पण शेजाऱ्याचा कुठं जाईल? चतुःसीमा बघा." हे मला सुचलंच नव्हतं. कुठल्याही खरेदीखतात चारही बाजूंना काय आहे ते लिहावंच लागतं. स्वतःचा कागद नसलेलं घर शेजाऱ्याच्या कागदात सीमा होऊन उरतं. जुन्या घराचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच पहिल्यांदा सांगतो.

माळाच्या दक्षिणेच्या शेताचे मालक आमच्या ओळखीचे. काकूंनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. फडक्यात गुंडाळलेला स्टँपपेपर, घडीवर चिरलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. गुरुजींनी तो टेबलावर काचेखाली ठेवला आणि बोट न लावता वाचू लागले. साल फसली, म्हणजे निजामी महसुली वर्ष, १३३४. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२४-२५. मग सीमा. मशरिक म्हणजे पूर्व, रस्ता. जुनूब म्हणजे दक्षिण, ओढा. मगरिब म्हणजे पश्चिम, दुसऱ्याचं शेत. शुमालवर, म्हणजे उत्तरेवर, ते थांबले, परत एकदा वाचलं आणि म्हणाले, "बंगला-ए-शिकस्ता, चबुतरा संगी, बावली पुख्ता." पडका बंगला, दगडी चौथरा, पक्की विहीर. माझ्या अंगावर काटा आला. साहेब जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, छप्पर गेलेलं होतं, पण घर अजून सीमा म्हणून उभं होतं.

पण चौथरा कुठं गेला? १९५४-५५ च्या नोंदीत तो नाही, आणि आज माळावर एक चिरा दिसत नाही.

घरी येऊन आजीला हे सगळं वाचून दाखवलं. बंगल्यापाशी ती नुसती मान हलवत होती. 'दगडी चौथरा' म्हटल्यावर हातातलं वाटाणे निवडायचं सूप खाली ठेवलं.

"बावडीपाशीचा चौथरा व्हय? तो तर आम्हीच फोडला. बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायचं काम निघालं हुतं, मुकादमानं तेच दगड दिले. काळे, घडीव. हातोडी उडायची. संध्याकाळी सुकडी मिळायची, ती तुझ्या बापाला चारायची."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बंगला इचारलास की."

ती खडी कुठल्या रस्त्यावर गेली ते तिनं दाखवलं. आमच्या दारावरूनच जातो तो.