जर्मनचं भगुलं

आमच्या राधानगरी तालुक्यात अ‍ॅल्युमिनियम हा शब्द शाळेपुरता. घरात त्याला म्हणायचं जर्मन. पितळेची भांडी फळीवर चकचकीत ओळीनं, जर्मनचं भगुलं मोरीजवळ पालथं. हे नाव ‘जर्मन सिल्व्हर’वरून आलं म्हणतात. गंमत म्हणजे त्यात चांदी नसते आणि अ‍ॅल्युमिनियमही नसतं. असतं तांबं, निकेल आणि जस्त. तरी नाव अगदीच वाया गेलेलं नाही. डेन्मार्कच्या ओरस्टेडनं १८२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम पहिल्यांदा वेगळं काढलं, पण दोन वर्षांनी त्याची पूड करून दाखवणारा व्होलर जर्मनच होता!

आजी मात्र भगुल्यावर खूश. पितळेसारखी कल्हई नको, उचलायला हलकं. हवा लागली की या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि आतलं झाकून टाकतो. आंबटापुढं मात्र त्याचं काही चालत नाही. “जर्मनात चिंच घालायची न्हाई,” एवढं रसायनशास्त्र आजीला पुरायचं. एकदा मी कटाची आमटी रात्रभर त्यातच ठेवली. सकाळी आमटी तोंडात धरवेना, आणि भगुल्याला आतून देवी आल्यासारखे खड्डे.

खरं तर हा धातू आमच्या गावचाच. दुर्गमानवाडीच्या पठारावरचं बॉक्साइट ट्रक भरभरून बेळगावच्या कारखान्यात जायचं. लाखो वर्षं पावसानं काळा कातळ धुतला, सिलिका वाहून गेली, मागं उरला तांबडा जांभा. त्यातच अ‍ॅल्युमिनियम जास्त असेल ते बॉक्साइट. पण त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघंही विशीतली पोरं, एकमेकांचा पत्ता नसताना विजेनं ती गाठ सोडवून बसले. आजही किलोभर धातूला १४ युनिटांच्या आसपास वीज लागते. जुनं भांडं वितळवायला त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा पुरते, म्हणून तर भंगारवाला जर्मन म्हटलं की थांबतो.

परवा तो दारात आला. पोचे पडलेलं भगुलं त्यानं काट्यावर ठेवलं. अर्धा किलोसुद्धा भरेना. आईनं ते परत ओढून घेतलं. आता त्यात कोरफड आहे, परड्यातल्या तांबड्या मातीत. बुडाला भोकं पाडायला खिळ्यावर दोन ठोके पुरले.