डेअरीचं ऑडिट: आधी जनरेटरची वही मागा

प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं की बऱ्याच खाद्य कंपन्यांना वाटतं, अन्नसुरक्षेचं काम झालं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा नियामक संस्थेच्या तपासणी यादीत साध्या प्रश्नाला २ गुण, तारांकित प्रश्नाला ४, आणि तारांकित एक जरी चुकला तरी एकूण बेरीज कितीही असो, शेरा प्रतिकूलच. अट चांगली आहे. पण गुण त्या दिवसाचे असतात. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या जेन्सन फार्म्समधल्या खरबुजांतून लिस्टेरिया हा जिवाणू पसरला आणि ३३ माणसं दगावली. पहिले रुग्ण आजारी पडण्याच्या काही दिवस आधीच एका खासगी ऑडिटमध्ये तिथल्या पॅकिंग शेडला ९६ टक्के मिळाले होते. खरबुजं धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक नाही हे ऑडिटरने टिपलं होतं, तरी निकाल उत्तमच राहिला.

तेव्हा यंत्रणा खरोखर चालते का, हे बघायचं तर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवावा: मागे बिघाड झाला तेव्हा तो यंत्रणेने स्वतः पकडला का, आणि त्याचा माग कुठे दिसतो? पाऊचचं दूध भरणारा प्लांट उदाहरणाला घेऊ.

पाश्चरायझेशनची किमान अट ७२ अंश सेल्सियस आणि १५ सेकंद. प्लांटवाले सेटिंग ७६-७८ ला ठेवतात आणि ऑडिटर पॅनेलवरचा आकडा वहीत उतरवून पुढे जातो. तो आकडा खरा आहे का, हे कोण बघणार? कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर सेन्सरशेजारी लावा, वाफ कमी करायला सांगा आणि फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह (कमी तापलेलं दूध पुढे जाऊ न देणारी झडप) किती अंशाला दूध मागे वळवतो ते डोळ्यांनी पाहा. ‘आत्ता नको, दूध चालू आहे’ असं उत्तर हमखास येतं. ठीक आहे, बॅच संपल्यावर पाण्यावर करा, पण सोडू नका. पॅनेलवरचा स्विच मॅन्युअलला तर नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. हवेचा दाब किंवा वीज गेली तर व्हॉल्व्ह आपोआप परतीच्या बाजूला पडला पाहिजे.

तापमानाकडे सगळे बघतात, १५ सेकंदांकडे जवळजवळ कोणीच नाही. तासाला १०,००० लिटरचा प्लांट म्हणजे सेकंदाला २.७८ लिटर, १५ सेकंदांसाठी होल्डिंग ट्यूबमध्ये (तापलेलं दूध जिच्यातून तेवढा वेळ वाहतं ती नळी) साधारण ४२ लिटर मावायला हवेत. सणासुदीला मागणी वाढते, कुणीतरी पंपाचा वेग वाढवून तासाला १२,००० करतो. ट्यूब तेवढीच. वेळ उरते साडेबारा सेकंद. तापमानाचा आलेख मात्र अगदी सरळ, देखणा. शिवाय हा हिशोब सरासरीचा आहे. ट्यूबच्या मधून जाणारं दूध कडेच्या दुधाआधी बाहेर पडतं आणि निर्णय त्या सर्वांत वेगवान थेंबावरच व्हायला हवा. म्हणून पंप दुरुस्त झाला किंवा वेगाची सेटिंग बदलली की मिठाच्या द्रावणाने होल्डिंग टाइम पुन्हा मोजला का, त्याची नोंद मागावी. देखभालीच्या वहीत पंपाचं काम दिसतं आणि चाचणीची तारीख त्याआधीची असते, तिथे बोट ठेवा.

आता जनरेटरची वही. वीज गेली की फीड पंप थांबतो, गरम पाणी निवतं, आणि थर्मोग्राफवर, म्हणजे तापमानाच्या आलेखावर, त्याचा खड्डा पडतो. सोबत व्हॉल्व्ह वळल्याची खूणही उमटते. जनरेटर ऑपरेटरला अन्नसुरक्षेशी काही देणंघेणं नसतं. तो डिझेलच्या हिशोबासाठी चालू-बंदच्या वेळा इमानाने लिहितो. पावसाळ्यातल्या दहा-बारा तारखा निवडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दूध चालू असताना वीज गेल्याची नोंद आहे आणि आलेखावर ओरखडाही नाही, तर तो आलेख त्या दिवसाचा नाही किंवा पेन तापमान दाखवतच नव्हता. कोल्ड स्टोअरच्या वहीत महिनाभर ‘४.०’ एकाच अक्षरात, एकाच शाईत असेल तर त्याचाही अर्थ उघड आहे. वर्षभरात एकही विचलन (ठरलेली मर्यादा मोडल्याची घटना) नाही, असं सांगणाऱ्या प्लांटपेक्षा वीस विचलनं आणि त्यातल्या प्रत्येक वेळी अडवलेलं दूध दाखवणारा प्लांट मला जास्त विश्वासाचा वाटतो.

विचलनाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असेल, तर कारण शोधलेलंच नाही. त्याच्या खालची तशीच पुढची नोंद शोधा, बहुतेक सापडते.

प्रयोगशाळेचे अहवाल एकेक वाचून फारसं कळत नाही, जोडीने वाचावेत. फॉस्फटेज (कच्च्या दुधातलं एन्झाइम, नीट पाश्चरायझेशन झालं की नष्ट होतं) निगेटिव्ह पण कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले, तर बिघाड बहुधा पाश्चरायझरच्या पुढे: टाकीचं गॅस्केट, फिलिंग मशीनचं नोझल, हात. फॉस्फटेजच पॉझिटिव्ह (नळीत पिवळा रंग) आला, तर दूध नीट तापलं नाही किंवा कुठेतरी कच्चं दूध मिसळतंय. रिजनरेशनच्या, म्हणजे तापलेल्या दुधाची उष्णता कच्च्या दुधाला देणाऱ्या, प्लेटला बारीक भोक असेल आणि कच्च्या बाजूचा दाब जास्त असेल तर नेमकं हेच होतं. पाश्चराइज्ड बाजूचा दाब कायम वरचढ हवा. दोन्ही गेज चालू आहेत का बघा, एखादं शून्यावर अडकलेलं असतंच.

शेवटी एका बॅचचा मॉक रिकॉल (बाजारातून माल परत बोलावण्याची रंगीत तालीम) घ्या, आणि बॅच तुम्ही निवडा, त्यांनी तयार ठेवलेली नको. भरलेले पाऊच बरोबर गेलेले, शिल्लक, परत आलेले आणि लीक झालेले मिळून जुळले पाहिजेत. एजंटांपर्यंतची यादी सहसा पटकन निघते. अडतं ते लीक पाऊचपाशी. ते क्रेटमधून कुठे गेले, कोणी कापले, दूध कोणत्या टाकीत ओतलं, किती वाजता, तोवर त्याचं तापमान किती होतं, याची वही अनेक ठिकाणी नसतेच. त्या दुधामुळे कालची बॅच आजच्या बॅचमध्ये मिसळलेली असते, आणि रिकॉल एका बॅचपुरता उरत नाही.