बाबांचं सर्टिफिकेट

रविवार, रात्री

आज जेवताना बाबांची आणि भाचीची पुन्हा जुंपली. ती सिडनहॅम या कॉमर्स कॉलेजला, बाबा कधीकाळचे एल्फिन्स्टन कॉलेजचे. 2019 साली ही दोन कॉलेजं, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सरकारी बीएड कॉलेज अशा चौघांचं मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. बाबांना ते अजून पचलेलं नाही.

"1856 चं कॉलेज आमचं. मुंबई विद्यापीठापेक्षा वर्षाने थोरलं! आणि आता कुणाच्या दावणीला?"

"आजोबा, आधी तरी कुठे मोकळं होतं? मुंबई विद्यापीठाच्या सातशेहून जास्त कॉलेजांच्या दावणीतलंच एक होतं की."

बाबा चिडले, पण हसू त्यांनाही आवरेना. तिचं म्हणणं साधं आहे. चारच कॉलेजं म्हणजे पेपर लवकर तपासून होणार, अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागणार नाहीत. मला ते पटतं. 2017 साली मुंबई विद्यापीठाचे निकाल कसे रखडले होते, ते अख्ख्या शहराने पाहिलंय. बाबांना मात्र यात 'रुसा'चे, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेचे, 55 कोटी दिसतात. समूह विद्यापीठ केलं तरच हा निधी, म्हणून मोट बांधली, असं त्यांचं मत. तेही अगदीच खोटं नसावं.

नावाचा घोळ वेगळाच. याच मुंबईत अणुऊर्जा खात्याचं होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आहे. "नोकरीच्या मुलाखतीत आधी हे समजावत बसणार का?" या बाबांच्या प्रश्नावर भाची गप्प.

मग बाबांनी ट्रंकेतून पदवीचं सर्टिफिकेट काढलं. मी दोनदा वाचलं. युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे. एल्फिन्स्टनचं नाव मला कुठेच सापडलं नाही. बोलले नाही.

खरं तर मला प्रश्न पडतो तो वेळापत्रकाचा. ही कॉलेजं तशी एकमेकांना परकी नाहीत. आंबेडकर एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि 1918 मध्ये सिडनहॅमला अर्थशास्त्र शिकवायला लागले. आज काळा घोड्याच्या एल्फिन्स्टनहून चर्चगेटच्या सिडनहॅमला चालत पंधरा-वीस मिनिटं. सिडनहॅमच्या मुलीला सकाळी हिशेब शिकून दुपारी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संख्याशास्त्राच्या तासाला बसता येईल का? येत असेल तर बाबांची समजूत घालायची जबाबदारी माझी. नाही तर चार इमारतींवर एक पाटी लावली, एवढंच.

भाचीला हे विचारायचं राहूनच गेलं. तिचा डबा भरताना उद्या विचारेन.

बाबा अजून चष्मा लावून सर्टिफिकेट न्याहाळताहेत.