तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती कार्डंच आली का?

"बाबा गेले तेव्हा तिथं कुणी भेटायला आलं होतं का, की नुसती कार्डंच?" साताऱ्याला गेले की कुणीतरी हे विचारतंच. इंग्लंडमध्ये डर्बीला आमच्याकडे आलेल्या मावशीनं तर फायरप्लेसवर ओळीनं मांडलेली सांत्वनाची कार्डं पाहून कपाळाला हात लावला. आपल्याकडे मृत्यूचं पत्र वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. मी तर ती मांडून ठेवली होती.

नाही, भेटायला कुणी आलं नाही.

पण म्हणून ही माणसं कोरडी, हे मला मान्य नाही. इथं घर बदललं, परीक्षा पास झालात, नोकरी सोडलीत, तरी कार्ड येतं. ऑफिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्याला कळू न देता ते पाकिटातून टेबलाटेबलांवर सह्यांसाठी फिरतं. शंभरी गाठणाऱ्याला राजघराण्याकडून शुभेच्छा जातात. १९१७ साली ही प्रथा सुरू झाली तेव्हा तार यायची, आता कार्ड येतं. १८४० मध्ये एका पेनीत देशात कुठंही पत्र जाऊ लागलं. त्या सुधारणेसाठी खपलेल्या हेन्री कोलनंच १८४३ मध्ये नाताळचं पहिलं छापील कार्ड विकायला काढलं, कारण इतक्या लोकांना पत्रं लिहायला त्याला सवड नव्हती. पाहा, मुळातच वेळ वाचवायची युक्ती, असं मीही पूर्वी म्हणायचे. नाताळच्या कार्डांबद्दल आजही म्हणेन. सांत्वनाच्या नाही.

बाबांचे दिवस करून परत आले, तेव्हा दाराच्या फटीतून टाकलेली पाकिटं पायपुसण्यावर पडली होती. साताऱ्यात घर भरलेलं होतं. शेजारच्या काकू पिठलं-भात आणत होत्या. येणारा प्रत्येकजण माझा हात धरून विचारायचा, "शेवटी काय झालं गं?" आणि मी ती शेवटची रात्र पुन्हा पहिल्यापासून सांगायची. शेवटी शेवटी दाराची कडी वाजली की पोटात गोळा यायचा. तेव्हा मला कुणीच यायला नको होतं. डर्बीच्या त्या रिकाम्या घरात मात्र कुणीतरी यावं, नुसतं बसावं, असं इतकं वाटलं की मी पाकिटं न फोडताच जिन्यावर बसून रडले.

मग शेजारच्या आजोबांचं कार्ड उघडलं. त्यांच्याशी आजवर बोलणं झालं होतं ते पाऊस आणि कचऱ्याचे डबे याबद्दलच. आत छापील दोन ओळी, आणि त्याखाली निळ्या पेनानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: तुमचे वडील उन्हाळ्यात आले होते तेव्हा आम्ही कुंपणापाशी उभे राहून गुलाब छाटले. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कुठला डोळा ठेवून कापायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ही आठवण साताऱ्यात कुणाकडेच नव्हती. मलाही ठाऊक नव्हती.

पुढं आजोबांची बायको वारली. मी कार्ड लिहिलं, आणि राहवेना म्हणून डब्यात खिचडी घेऊन बेल वाजवली. त्यांनी दार अर्धंच उघडलं. दोन्ही गोष्टी घेतल्या, मनापासून आभार मानले, आज गारठा आहे म्हणाले आणि दार लावलं. आत या म्हणाले नाहीत. मला लागलं ते. अंत्यविधी जवळजवळ तीन आठवड्यांनी झाला. इथं असंच असतं, तारीख मिळायलाच तेवढे दिवस लागतात. त्यानंतर पबमध्ये चहा-सँडविच घेऊन सगळे जमले, तिच्या गोष्टी सांगून हसले, रडले. तिथं आजोबांनी मला शोधून शेजारी बसवून घेतलं.

आपल्याकडे काही तासांत सगळं उरकतं, म्हणून माणसं लगेच धावतात. इथं मधल्या रिकाम्या आठवड्यांत कार्ड येतं. ते तुमच्याकडून काही मागत नाही, शेवटची रात्र सांगायला लावत नाही. मला हे आता पटतं. तरी त्या अर्ध्या उघडलेल्या दारात त्यांना एकटं सोडून मी परत फिरले ते बरोबर केलं का, हे विचाराल तर उत्तर नाही माझ्याकडे. मावशी म्हणते, सरळ आत शिरायचं होतंस. कधी वाटतं, तिचंच खरं.